कोरड्या दोरीचं माप

फकीरचा दिवस पावणेचारला सुरू व्हायचा. भरती-ओहोटीची वेळ रोज सरकते, म्हणून आमची लाँच कधी सहाला निघायची, कधी दहाला. फकीर सरकत नव्हता. उठून तोंड धुवायचा आणि नमाजाची वेळ होईपर्यंत आदल्या दिवशीचे दोर उलगडून पुन्हा गुंडाळायचा. दुसऱ्यानं गुंडाळलेल्या दोरावर त्याचा विश्वास नव्हता. मी सतरा वर्षं त्याच्याबरोबर खलाशी म्हणून काम केलं. माझेही दोर तो उलगडायचा. पहिली दोन वर्षं मला राग आला. नंतर मी गुंडाळणंच सोडलं.

आम्ही दोघं सोलापूरकडचे. तो शुक्रवार पेठेतला, मी, येडू, सांगोल्याचा. माझ्या गावाला टँकर येतो आणि मी जन्मभर समुद्राचं पाणी मोजलं, यावर गावात अजून हसतात. हसू देत. काम सोपं नव्हतं.

कोकणातल्या एका बंदरावर आमची मोजणीची लाँच होती. मोठी जहाजं बंदरात कुठूनही येत नाहीत. गाळ उपसून केलेला एक मार्ग असतो, त्याला चॅनल म्हणतात. दोन्ही बाजूंना चिखल. पेठेतल्या बोळात मालट्रक घालावा तसं जहाज त्यातून आणायचं, आणि समोरून दुसरं येत असतं. गाळ रोज बसतो. म्हणून खोली सारखी मोजावी लागते. आता यंत्रानं मोजतात. यंत्र खाली आवाज सोडतं, तो तळाला लागून परत येतो, त्यावरून खोली कळते. पण यंत्राला रोज सकाळी शिकवावं लागतं. लाँचखाली एक लोखंडी पट्टी दोन दोऱ्यांनी सोडायची. दोऱ्यांवर खुणा असतात. पाच मीटरवर सोडली तर यंत्रानं पाच म्हणायचं, दहावर दहा. म्हणत नसेल तर म्हणेपर्यंत यंत्र फिरवायचं. यंत्र खरं बोलतंय की नाही हे ती दोरी ठरवते, आणि दोरी फकीरच्या हातात असायची.

त्याच्या हातातून निघालेला आकडा ऑफिसात जायचा. तिथून जहाजांना कळवायचे, अमुक वळणावर इतकं पाणी. जहाजाचा कप्तान आम्हाला कधी बघत नाही. तो आकड्यावर विश्वास ठेवतो आणि हजारो टन माल घेऊन आत येतो.

मी तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि सोलापुरात मुलाकडे राहायला आलो. फकीरची नोकरी चालू होती. परवाच्या फेब्रुवारीत त्याचे आठ महिने उरले होते. एका रविवारी दुपारी तो सुट्टीवर आला, तो स्टँडवरून थेट माझ्या दारात. घरीसुद्धा गेला नव्हता. पिशवी खांद्यावरच होती.

"येडू, चॅनलमध्ये कायतरी गडबड हाय," तो म्हणाला.

मी त्याला बसवलं. पाणी दिलं. त्यानं सांगायला सुरुवात केली ती तासभर.

तिसऱ्या वळणावर, मार्गाची कड दाखवणाऱ्या तरंगत्या लाल बोयाजवळ, कागदावर अकरा मीटर वीस सेंटिमीटर पाणी होतं. डिसेंबरच्या मोजणीतला आकडा. फकीरला तो पटत नव्हता. भरलेलं जहाज त्या वळणावरून गेलं की मागून चहासारखं गढूळ पाणी वर येत होतं. पोटाखाली पुरेसं पाणी असेल तर तळ ढवळत नाही. गेल्या वर्षी तेवढ्याच वजनाच्या जहाजांमागे पाणी स्वच्छ होतं. दुसरं, जहाजं तिथं मागून खाली बसत होती. उथळ पाण्यात वेगानं चालणारं जहाज बसतं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून कळलं होतं. मागच्या लाटेची उंची वाढली की समजायचं. तिसरं, जहाज आत आणणारा एक पायलट जेट्टीवर चहा पिताना म्हणाला होता की त्या वळणावर सुकाणू जड लागतंय, जहाज ऐकत नाही. फकीरनं बारा दिवस लाँचवरून प्रत्येक जहाज बघितलं होतं. बावीस जहाजं. त्यातल्या सतरा जहाजांमागे गढूळ पाणी.

मी म्हटलं, गाळ बसला असेल. तो म्हणाला, डिसेंबरनंतरही दोनदा मोजलं, यंत्र तेवढंच दाखवतंय. म्हणजे यंत्र खोटं बोलतंय, किंवा कुणीतरी त्याला खोटं बोलायला लावतंय.

कोण, हेही त्यानं ठरवून टाकलं होतं. गाळ काढणाऱ्या ठेकेदारावर त्याचा पहिल्यापासून डोळा होता. गाळ न काढता काढला म्हणतो, असं त्याचं म्हणणं. आणि मोजणीची अधिकारी शिवानी. अक्कलकोटची पोरगी, तिशीच्या आतली, दोन वर्षांपूर्वी आलेली. घरात कन्नड बोलते, लाँचवर मराठी. तिच्याबद्दल फकीरकडे तीन गोष्टी होत्या. दिवाळीत ठेकेदाराच्या माणसानं आणलेल्या मिठाईतला एक तुकडा तिनं खाल्ला होता. डिसेंबरच्या मोजणीच्या सकाळी तिनं यंत्रातला आवाजाचा वेग वाढवला होता, त्यानं स्वतः मागं उभं राहून बघितलं होतं. वेग वाढवला की यंत्र खोली जास्त दाखवतं, एवढं त्याला ठाऊक होतं.

तिसरी गोष्ट सांगताना तो उभाच राहिला. वेग वाढवताना ती वळून म्हणाली होती, "चाचा, दोरी नक्की बरोबर आहे ना?"

"एकतीस वर्षांत मला कुणी इचारलं न्हवतं," फकीर म्हणाला. "सोता आकडा फिरवायचा आन् शंका माझ्या दोरीवर."

तेव्हापासून तो तिच्यावर नजर ठेवून होता. ती कुणाशी फोनवर बोलते, कधी जेट्टीवर उतरते, सगळं त्याला तोंडपाठ होतं. तिलाही ते कळलं होतं. लाँचवर दोघं कामापुरतं बोलत होते.

त्याला माझ्याकडून अर्ज हवा होता. माझं अक्षर बरं आहे. वरच्या ऑफिसला लिहायचं, शिवानीची चौकशी करा. आणि लगेच लिहायचं, कारण गुरुवारी कोळशाचं मोठं जहाज येणार होतं. तिसऱ्या वळणावर ते उतरत्या पाण्यात पोहोचणार होतं. जहाज किती खाली बसेल ते धरूनही पोटाखाली हातभर पाणी राहील, असं ऑफिसनं कागदावरून काढलं होतं. कागद खोटा असेल तर ते जहाज वळणावर आडवं टेकलं असतं, आणि मागून येणाऱ्याला थांबायला जागा नव्हती.

खरं सांगतो, माझा संशय फकीरवरच होता. निवृत्ती जवळ आली की माणसाला सगळं बिघडलेलं दिसतं. मलाही दिसलं होतं. शिवाय पोरगी त्याला हुकूम देते, हे त्याला सोसत नसेल, असं वाटलं. पण बावीस जहाजं त्यानं मोजली होती, आणि फकीर मोजताना चुकत नाही. मी म्हटलं, उद्या सकाळी येतो, तुझ्या घरी बसून लिहू.

सोमवारी सातला गेलो. बोळात शिरतानाच आवाज ऐकू आला. चांदबीभाभी, फकीरची बायको, दारात उभ्या होत्या, हातात चिखलानं भरलेली चादर. भिंतीतला खिळा पोपड्यासकट निघून खाली पडला होता. कपड्यांची दोरी जमिनीवर, धुतलेले कपडे गटारीच्या कडेला.

ती दोरी मी ओळखली. नोव्हेंबरात मी ती धरली होती.

इथं थोडं मागचं सांगावं लागेल. लाँचवरच्या पट्टीला पूर्वी तार होती. तिचे पदर तुटून हातात घुसायचे. स्टोअरकडे दोन वर्षं मागणी पडून होती. शेवटी नोव्हेंबरात फकीर सुट्टीवर आला आणि त्यानं माळ्यावरचं वडिलांचं दोर वळायचं चाक काढलं. त्याचे वडील सुती दोर वळून विकायचे. हातगाड्यांना, पाळण्यांना, विहिरींना. फकीरनं चांगलं सूत आणलं, चाक बोळाच्या एका टोकाला लावलं, दुसऱ्या टोकाला भाभी. दोन दिवस वळत होता. असा दोर मी बघितला नाही. एक धागा सैल नाही. मग बोळातच आम्ही तो ताणला, मी स्टीलचा टेप धरला, आणि प्रत्येक मीटरला त्यानं खूण शिवली. एकाला चामडं, दुसऱ्याला लाल फडकं, तिसऱ्याला गाठ. अंधारातही हाताला कळावं म्हणून. उरलेल्यातला एक तुकडा भाभीला कपडे वाळत घालायला बांधून दिला, बाकीचा माळ्यावर टाकला.

आता भाभीचा तुकडा खिळ्यासकट खाली आला होता आणि फकीरची चौकशी सुरू झाली होती. दोरी कुणी सोडून पुन्हा बांधली? भाभी म्हणाल्या, कुणी नाही. मग इतकी ताठ कशी झाली? मी बांधली तेव्हा मध्ये झोळ होता. समोरच्या काशम्मा ओट्यावर भाजी निवडत होत्या. त्या कधीकधी याच दोरीवर आपलं लुगडं टाकायच्या. फकीरनं त्यांच्याकडे बघितलं. बघण्यातच सगळं होतं.

"माझ्याकडं काय बघताय?" काशम्मा म्हणाल्या. "गाठ तुमचीच हाय बघा की. तसली गाठ हितं दुसऱ्या कुणाला येतीय?"

फकीरनं दोरीचं दुसरं टोक बघितलं. खिडकीच्या गजाला खलाशाची गाठ होती. त्याचीच. कुणी हात लावला नव्हता.

"महिनाभर मी पाटावर चढून कपडे टाकतेय," भाभी मला म्हणाल्या. "यांना फोनवर सांगितलं, दोरी वर गेली. तर हे म्हणतात, तू बुटकी झालीस."

काशम्मा हसल्या. मीही हसणार होतो. फकीरकडे बघितलं आणि थांबलो.

तो दोरी हातात धरून उभा होता. अंगठ्यानं पीळ दाबून बघत होता. पीळ घट्ट झाला होता, दोर पहिल्यापेक्षा जाड लागत होता. त्यानं भिंतीवरच्या खिळ्याच्या भोकापासून गजापर्यंतचं अंतर बघितलं. मग माळ्यावर चढला आणि उरलेला कोरा तुकडा घेऊन आला. म्हणाला, टेप काढ.

आम्ही तो बोळात ताणला. नोव्हेंबरात जितका जोर लावला होता तितकाच लावायचा, असं त्यानं बजावलं. मी टाच दगडाला लावून ओढलं. बरोबर दहा मीटरवर त्यानं दोन्हीकडे दोरा शिवून खूण केली. मग तुकडा पाण्याच्या पिंपात बुडवला, वर पाटा ठेवला. भाभींनी चहा केला. चहा कुणी नीट प्यायलं नाही. दोन तासांनी दोर काढला, तसाच ताणला.

नऊ मीटर सत्तर.

"ओढ की जरा," तो म्हणाला. मी ओढलं. "अजून ओढ. म्हातारा झालास काय?" मी ओढलं, हाताची साल गेली. नऊ एकाहत्तर. त्यानं माझ्यावर संशय घेतला, टोकं बदलली, मी खूण धरली आणि त्यानं ओढलं. नऊ सत्तर. मग टेपवर संशय घेतला. शेजारच्या सुताराचा टेप आणला. तोही तेच बोलला.

फकीर ओट्यावर बसला.

सूत भिजलं की आटतं, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. नवी चादर पहिल्या धुण्यात आटते, म्हणून इथं लोक बोटभर जास्तच घेतात. आणि आम्ही दोघं सोलापूरचे, आम्ही कोरडा दोर मोजून खुणा केल्या आणि समुद्रात सोडला. दोर आटला, खुणा जवळ आल्या. पट्टी दहाच्या खुणेवर होती तेव्हा ती खरी नऊ सत्तरवर होती. यंत्र नऊ सत्तर म्हणत होतं. ते खरं बोलत होतं. आम्ही त्याला खोटं ठरवलं आणि दहा म्हणेपर्यंत फिरवायला लावलं. शिवानीनं वेग वाढवला तो म्हणून. तिला तो वेग नेहमीपेक्षा जास्त वाटला, म्हणून तिनं विचारलं, दोरी बरोबर आहे ना. तिनं विचारायला हवा होता तोच प्रश्न विचारला होता.

दर महिन्याला दोरी टेपनं पडताळायची, असा नियम आहे. दुसऱ्याच्या दोरीला फकीर तो दर आठवड्याला लावायचा. स्वतः वळलेल्या दोरीला त्यानं लावला नाही.

"वालिद विहिरीचा दोर रातभर भिजत घालायचे," तो म्हणाला. "मग ठोकायचे, मग मापायचे. गाडीचा दोर तेवढा कोरडा मापायचे. आपण गाडीचा दोर केला, येडू. विहिरीचा करायचा होता."

तिसऱ्या वळणावर म्हणजे अकरा वीस नव्हतं. तेहतीस सेंटिमीटर कमी होतं. हातभर पाण्यातलं दीड वीत पाणी आमच्या दोरीनं खाल्लं होतं.

मी त्याला एक गोष्ट सुचवली, ती लिहून ठेवतो. मी म्हटलं, बुधवारी कामावर जा, दोरी नव्यानं मापून खुणा गुपचूप हलव. पुढच्या मोजणीत खोली कमी येईल. सगळे म्हणतील, गाळ बसला. कुणाला कळणार नाही. आठ महिने राहिलेत तुझे.

"आन् गुरुवार?" तो म्हणाला.

मी त्याचा फोन त्याच्याकडे सरकवला.

त्यानं फोन लावला. स्पीकरवर टाकला, कारण कानाला लावून त्याला नीट ऐकू येत नाही. शिवानीनं दोनदा फोन कापला. तिसऱ्यांदा उचलला.

"मॅडम, दोरी चुकीची हाय," फकीर म्हणाला. "दहाला तीस सेंटिमीटर. मी कोरडी मापली होती. आकडा तुमचा न्हाय, माझा चुकलाय. गुरुवारचं जहाज थांबवा."

 ती अगदी सावकाश म्हणाली, "चाचा, दोन महिने तुम्ही माझ्या मागं उभे राहताय. आज हे सांगताय. उद्या म्हणाल, मी असं बोललोच नाही. मी जहाज थांबवलं आणि खोली बरोबर निघाली, तर?"

तिचा संशय बरोबर होता. फकीरनं तो कमावला होता.

"लेखी देतो," तो म्हणाला. "येडू हितंच हाय. कागद घिऊनच बसलाय."

कागद मी शिवानीच्या चौकशीसाठी आणला होता. त्याच कागदावर मी त्याच्याविरुद्ध लिहिलं, तो सांगत गेला तसं. दोर कुणी वळला, कुठं मापला, कसा मापला, आज काय निघालं, जहाजांमागं गढूळ पाणी कुठं आणि किती वेळा दिसलं. टेप धरणारा म्हणून माझं नाव घालतो, असं मी म्हटलं. तो म्हणाला, तू पेन्शनीत आहेस, तुझं काय घालायचं. तरी मी घातलं. टेप मीच धरला होता. त्यानं सही केली, काशम्माच्या नातवंडानं फोटो काढून पाठवला.

त्याच संध्याकाळी फकीर परत निघाला. सुट्टीचे चार दिवस सोडून. गाडीत बसताना म्हणाला, पोरीनं जहाज थांबवलं की नाही, बघितल्याशिवाय मला खरं वाटणार नाही.

तिनं थांबवलं होतं. जहाज बाहेर नांगर टाकून उभं राहिलं आणि शुक्रवारी भर भरतीला आत आलं. काही झालं नाही. न झालेल्या गोष्टीचं कुणी कौतुक करत नाही. उलट एक दिवस जहाज का अडवलं, यावर ओरडा झाला. मग दुसऱ्या बंदरातून तार मागवून वळण पुन्हा मोजलं. दहा मीटर सत्त्याऐंशी सेंटिमीटर निघालं. फकीरच्या आकड्यापेक्षा सेंटिमीटरही इकडेतिकडे नाही.

चौकशी बसली. फकीरची एक वेतनवाढ गेली आणि त्याला लाँचवरून काढून स्टोअरात बसवलं. शिवानीलाही लेखी ताकीद मिळाली. दोरीबद्दल शंका आली होती तर मोजणी का थांबवली नाही, असं त्यात होतं. तिनं फकीरला ती ताकीद वाचून दाखवली आणि म्हणाली, बरोबर आहे. त्यानंतर ती दर आठवड्याला स्टोअरात यायची. जहाज बसतंय हे कसं ओळखायचं, कुठली लाट बघायची, गाळाचा रंग कधी फसवतो, हे ती त्याच्याकडून वहीत उतरवून घ्यायची. तो सांगायचा. ठेकेदारावर लक्ष ठेव, हेही दर वेळी सांगायचा. तो संशय त्यानं अजून सोडलेला नाही.

उरलेले आठ महिने फकीर स्टोअरात दोर उलगडून पुन्हा गुंडाळत होता. पावणेचारलाच उठायचा.

ऑक्टोबरात तो कायमचा घरी आला. शेवटच्या पगारातून भाभीला कपडे धुवायचं मशीन हवं होतं. तशी बोलणीही झाली होती. तो गेला बाजारात आणि घेऊन आला लाँचवरच्या पट्टीसाठी गंज न चढणारी साखळी, दोन पदर, प्रत्येकी पंधरा मीटर, दर मीटरला पितळी बिल्ला बसवून घेतलेला. स्टोअरकडची मागणी अजून पडूनच होती. भाभी दोन दिवस बोलल्या नाहीत.

साखळी त्यानं मिठाच्या पाण्यात, पिंपात, तीन दिवस बुडवून ठेवली. शेवटी भाभीच म्हणाल्या, लोखंड आटतं का कधी?

"बघू की," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी मी टेप घेऊन गेलो. आम्ही ती बोळात ताणली, दोनदा, टोकं बदलून. पंधरा मीटर भरली. मग त्यानं ती पुसली, गुंडाळली, मी पोत्याचं तोंड शिवलं आणि पोतं शिवानीच्या नावानं बंदरावर पाठवलं. एकतीस वर्षांच्या नोकरीचा शेवटचा पगार त्या पोत्यात गेला. कपडे भाभी अजून हातानंच धुतात. वाळत घालायला नायलॉनची दोरी आहे, मध्ये झोळ देऊन बांधलेली. फकीर येताजाता तिला हात लावून बघतो.